गाडीत झोपलेला भाट

१२ मार्च २०२३ हा दिवस रविवार होता. एवढी एक गोष्ट कोणतीही जुनी दिनदर्शिका उघडून पडताळता येते. त्या दुपारी तीन घरांत तीन माणसे आपापल्या पडद्यासमोर बसली होती आणि त्यांनी एक बैलगाडी देऊन एक होडी घेतली, हे मात्र त्यांच्याच सांगण्यावरून मान्य करावे लागते. कारण बैलगाडी, होडी आणि मधली नदी यांपैकी काहीही अस्तित्वात नव्हते. गाडीत एक माणूस झोपलेला होता. तो खरा होता, निदान अर्धा तरी.

हा व्यवहार ज्यांच्या देखरेखीखाली झाला त्या ताई दातांच्या कवळ्या बनवतात. एका दवाखान्याच्या मागे त्यांची लांबट खोली आहे. एका भिंतीला प्लास्टरचे साचे, दुसऱ्या भिंतीला मेण मऊ करायचा दिवा आणि दात घासायचे छोटे यंत्र, खिडकीच्या कट्ट्यावर चिठ्ठ्या लावलेले जबड्यांचे ठसे. दवाखान्यातून ठसा येतो, माणूस येत नाही. ज्याच्या तोंडात आपली कवळी बसणार त्याला ताईंनी बहुधा कधीच पाहिलेले नसते. म्हणून त्या ठशावरूनच माणूस जुळवत बसतात: हा एकाच बाजूने चावतो, हिला झोपेत दात खायची सवय होती, हा सतत खिळे ओठांत धरून काम करत असणार. हे अंदाज कितपत बरोबर असतात ते कळायला मार्ग नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी हसून विषय बदलला. परंतु ठशांवरून उभी राहिलेली ही माणसे वाया जात नाहीत. ती रविवारी खेळात येतात.

या खेळाला सोंगट्या नावापुरत्या लागतात. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो: समोर दरी आहे, पूल मोडका आहे, पलीकडे कुणीतरी खोकते आहे. बाकीचे प्रत्येकी त्या गोष्टीतले एकेक माणूस होतात आणि आपण काय करतो ते बोलून सांगतात. जिथे जमेल की नाही असा प्रश्न येतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमले, लहान आला तर फजिती. ताई या मंडळींच्या कायमच्या सूत्रधार. शिकत असताना हा खेळ वकीलबाईंच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर चाले. पुढे नोकऱ्यांनी चौघांना चार गावांत नेऊन टाकले आणि खेळ पडद्यावर आला. वकीलबाई आता खरोखरच वकील आहेत, पण हे टोपणनाव त्यांना सनद मिळायच्या कितीतरी आधी मिळाले, याबद्दल कुणाचे दुमत नाही. ताईंचा धाकटा भाऊ बस चालवतो आणि त्याला सगळे धाकटाच म्हणतात. खेळात तो आडदांड योद्धा आहे. इतक्या वर्षांत त्याच्या योद्ध्याने उच्चारलेली वाक्ये बहुतेक एकच: "मी मारतो."

चौथा भोंगा. मोठ्या बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा सांगणारा हा उद्घोषक. गावाबाहेरच्या माणसांनाही त्याचा आवाज पाठ. खेळात तो भाट. धाकट्याने अंगावर ओढवून घेतलेल्या संकटांतून सगळ्यांना गोड बोलून बाहेर काढणे हे त्याचे काम. पहारेकऱ्याला तो त्याच्याच आजोबांच्या पराक्रमाचे गाणे ऐकवायचा, आणि ते आजोबा भोंग्याने तिथल्या तिथे तयार केलेले असायचे.

मंडळींचे दोन रिवाज इथे नोंदवणे आवश्यक आहे. पहिला असा, की एकदा बोलून झाले आणि फासा पडला की माघार नाही. धाकट्याचा योद्धा एकदा विहिरीत पडला, तेव्हा त्याने "मी तसं म्हटलंच नव्हतं" असा घोशा लावला होता. त्या दिवसापासून हा नियम कडक झाला. दुसरा, की एखाद्याला रविवारी यायला जमले नाही तर त्याचे पात्र गाडीत झोपते. बाकीचे त्याला तसेच झोपलेले घेऊन पुढे जातात. हा शब्दप्रयोग खेळाबाहेरही पसरला. वकीलबाईंचे यजमान फोन उचलत नसतील तर त्या शांतपणे सांगतात, "गाडीत झोपलेत."

आदल्या हिवाळ्यात भोंग्याच्या स्वरतंतूंवर गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी आधी पूर्ण मौन, मग दीर्घ विश्रांती सांगितली. सुरुवातीला तो टाइप करून खेळत असे, पण त्याचा विनोद पडद्यावर उमटेपर्यंत बाकीचे हसून पुढच्या खोलीत शिरलेले असत. मग तो यायचा थांबला. भाट गाडीत झोपला. पहिले काही रविवार कुणी ना कुणी त्याच्या अंगावर पांघरूण घातल्याचे सांगायचे. मग पांघरूण घातलेलेच आहे असे गृहीत धरले गेले. मग तेही कुणी बोलेनासे झाले.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भोंग्याने ताईंना एक संदेश पाठवला होता. त्यात दवाखान्याच्या जेवणाला नावे ठेवून झाल्यावर शेवटी एक ओळ होती: "आवाज परत आला नाही तर माझं तुमच्यात काम काय?" ताईंनी त्यावर लांबलचक उत्तर लिहिले, पुसले आणि "मूर्ख आहेस" एवढेच पाठवले.

आता १२ मार्च. गोष्टीत पाठीवर शत्रू आणि समोर नदी. होडीवाला म्हणजे ताईच, ओठ दातांवर दुमडून, समोरचे दात नसलेल्या माणसाच्या आवाजात बोलणाऱ्या. होडीवाला म्हणाला, होडी देतो, गाडी द्या. आत काय आहे असेही त्याने विचारले. कुणीतरी म्हणाले, चारा. नेमके कोण म्हणाले याबाबत दोन साक्षी आहेत आणि दोन्ही समोरच्याकडे बोट दाखवतात. सौदा झाला. मंडळी नदी पार झाली, वकीलबाईंनी पडद्यासमोर टाळ्या वाजवल्या, आणि आपण काय करून बसलो हे कुणाच्याही ध्यानात आले नाही.

काही आठवड्यांनी भोंग्याचा संदेश आला. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, रविवारी येतो, आवाज निम्माच आहे, ऐकू येईल तेवढा ऐका. तिघांनीही आनंदाची चित्रे पाठवली. मग धाकट्याने ताईंना फोन केला. बस डेपोत उभी होती, मागे कुणीतरी काचा धूत होते. त्याने सगळ्यांच्या तब्येतीची विचारपूस केली, हवापाण्याचे बोलला आणि मग खालच्या आवाजात विचारले, "ताई, भाट कुठेय गं?"

भाट त्या दिलेल्या गाडीत होता, हे ताईंना तेव्हा आठवले. त्यांनी वकीलबाईंनाही फोनवर घेतले. धाकट्याचे म्हणणे सरळ होते: भाट होडीत होता असे सांगायचे, त्याला कुठे कळणार आहे? वकीलबाईंनी ते फेटाळले.

"गाडी दिली म्हणजे आतल्या सगळ्यासकट दिली. तो आता होडीवाल्याचा चारा आहे."

"अहो, तो माणूस आहे."

"ते होडीवाल्याला तेव्हाच सांगायचंस. चारा कोण म्हणालं होतं?"

"तुम्ही."

"मी? मी शाकाहारी विधानं करतच नाही."

या वाक्याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण भांडण तिथे मिटले. मिटली नाही ती ताईंची धास्ती. आवाज नसेल तर माझं काम काय, असे विचारणाऱ्या माणसाला आपण चारा म्हणून देऊन टाकले होते, आणि देताना त्याची आठवणसुद्धा काढली नव्हती. याहून वाईट उत्तर शोधूनही सापडले नसते. तो ते ऐकून कायमचा उठून जाईल, अशी त्यांना भीती होती. त्या आठवड्यात त्यांनी एका कवळीच्या समोरच्या दोन दातांपैकी उजवा डाव्या जागी आणि डावा उजव्या जागी बसवला. अशी चूक त्यांच्या हातून पूर्वी झाल्याचे सोबत काम करणाऱ्या बाईंना आठवत नाही.

सोयीचे खोटे ताईंनाही सुचले होते, आणि ते बरेच चांगले होते: भाट झोपेतच कूस बदलून होडीत घरंगळला. ते त्यांनी वापरले नाही. का, असे विचारल्यावर त्या कामाच्या भाषेत बोलल्या. ठसा चुकीचा घेतला तर कवळी दिसायला सुरेख होते आणि रोज दुखते.

रविवार आला. भोंगा पडद्यावर दिसला तो थोडा वाळलेला, गळ्याला मफलर, समोर मोठा पेला. त्याने नमस्कार म्हटले. कागदावर कागद घासावा तसा तो आवाज होता. धाकट्याने मफलर छान आहे असे सांगितले. मग ताईंनी आणखी वेळ न घालवता सुरुवात केली. भाट डोळे उघडतो. गाडी तीच, वरचे छप्पर तेच. बाहेर मात्र अनोळखी माणूस उभा आहे, त्याच्या हातात विळा आहे, आणि तो स्वतःशीच म्हणतो आहे की हा चारा घोरतो कसा.

भोंगा हसला नाही. त्याने विचारले, "बाकीचे कुठे आहेत?"

ताईंनी दुमडलेले ओठ सोडले आणि स्वतःच्या आवाजात उत्तर दिले. "नदीपलीकडे. आम्ही गाडी देऊन होडी घेतली. तू आत होतास, हे आम्ही विसरलो."

भोंग्याचा कॅमेरा बंद झाला. माइकही. त्याच्या जागी काळा चौकोन आणि त्यात त्याचे नाव उरले. हा चौकोन किती वेळ राहिला याबाबत एकमत नाही. धाकटा पाव तास म्हणतो, वकीलबाई दोन मिनिटे म्हणतात, ताईंनी घड्याळाकडे पाहिले नव्हते. मधे एकदा धाकटा म्हणाला, "आपण होडीत होता असंच सांगायला हवं होतं," आणि वकीलबाईंनी त्याला गप्प केले.

चौकोनात पुन्हा चेहरा आला. "गाडी दिली कुणी?"

"मी," वकीलबाई म्हणाल्या.

"मी," त्याच वेळी धाकटा म्हणाला.

आठवडाभर एकमेकांवर ढकलत असलेला गुन्हा आता दोघेही ओढून घेत होते. ताई म्हणाल्या, "होडीवाला मी होते. आत काय आहे विचारलं, चारा म्हणाले, आणि मी उघडून पाहिलं नाही."

भोंग्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता, पण हसण्याला आवाज नव्हता. "चारा," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "चारा." मग त्याने पेल्यातला घोट घेतला आणि निवाडा दिला. "आता सोडवायला या. मी गाडीत बसून राहतो. मला मोजकंच बोलायची परवानगी आहे, ती मी होडीवाल्यावर खर्चणार नाही. घासाघीस तुम्ही करा." वकीलबाई सरसावून बसल्या, तोच तो पुढे म्हणाला, "तू नको. धाकट्या, तू."

मंडळी होडीतून परत अलीकडे आली, आणि धाकट्याने आधी मी मारतो असे म्हणून पाहिले. ताईंनी आठवण करून दिली की विळ्याचे टोक भाटाच्या पोटाशी आहे. मग योद्धा पहिल्यांदा बोलायला उभा राहिला. होडी परत घे आणि आमचा माणूस दे, एवढे त्याने सांगितले. होडीवाल्याने ओठ दुमडून विचारले की ज्याला चारा म्हणून टाकून गेलात, त्याची आता एवढी गरज का पडली? बसमध्ये प्रवाशांशी बोलायचे काम वाहकाचे असते. धाकट्याला वळणे येतात, वाक्ये येत नाहीत. अखेर तो म्हणाला, "तो नव्हता तेव्हा आम्ही काहीच केलं नाही. नुसते पुढे गेलो."

मग धाकट्याने फासा टाकला. तीन.

इतक्या सुंदर वाक्याला तीन म्हणजे अन्याय आहे, असे वकीलबाईंनी लगेच मांडले. पण फासा पडला होता. ताईंनी, डोळे पुसत, होडीवाल्याच्या आवाजात नकार दिला. भाट मिळणार नाही. घाटावर माणसे कमी आहेत. मात्र बाकीच्यांना हवे तर तेही कामाला राहू शकतात.

तिघांनी एकमेकांकडे, म्हणजे पडद्याकडे, पाहिले. अशा रीतीने भाट सुटला नाही. बाकीचे येऊन अडकले. पुढचे कित्येक रविवार ही मंडळी नदीवर होडी चालवत होती. धाकटा वल्ही मारायचा आणि उतारूंशी चक्क गप्पाही मारायचा. त्याच्या बसमध्येही हा बदल दिसू लागल्याचे त्याचा वाहक सांगतो, थोड्या नाराजीने. वकीलबाईंनी होडीवाल्याशी कामाचा करार केला आणि त्यात साप्ताहिक सुट्टी मिळवली. भाट काठावर गाडीत बसून हाताच्या खुणांनी होड्या लावायचा. कोणत्या खुणेचा अर्थ काय ते भोंगा कॅमेऱ्यासमोर करून दाखवायचा, आणि ती चुकीची ओळखली की तोंडावर हात मारून घ्यायचा. बसस्थानकावर त्याने नंतर काम सुरू केले, फक्त सकाळच्या गाड्यांसाठी. रविवारी तो अजून येतो. ताईंची भीती खरी ठरली नाही, असे यावरून म्हणता येईल.

एक मुद्दा मात्र शिल्लक आहे. कॅमेरा बंद असताना भोंगा काय करत होता? तो म्हणतो, पाणी प्यायला उठलो होतो. त्याची बायको म्हणते, पाण्याचा पेला त्याच्यासमोरच भरलेला होता आणि स्वयंपाकघरात कुणी आले नाही, कारण तिथे ती होती. ताईंनी त्याला याबद्दल एकदाच विचारले. तेव्हा त्याने घसा धरून, डॉक्टरांनी मनाई केल्याची खूण केली. त्याला त्या वेळी वाईट वाटले होते का, आणि वाटले असेल तर ते पुढे ओसरले का, हे अद्याप कुणालाही माहीत नाही.