वाघ माझ्या शेजारी लोळला

मी मातीत पडलेलो. उजव्या पायाची नळी दोन्ही हातांनी गच्च धरलेली. तोंडात माती, डोळ्याला पाणी. अन् माझ्यापासून हातभर अंतरावर वाघ येऊन लोळायला लागला.

खरा वाघ न्हाई. रंगवलेला माणूस. अंगभर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, कमरेला कापडाची शेपटी, गालावर काढलेल्या मिशा. त्यानं बी माझ्यासारखीच नळी धरली. माझ्यासारखंच तोंड वेडंवाकडं केलं. मग पाय वर करून असा तडफडला की सगळं मैदान खदखदून हसलं. बाया हसल्या. लेकरं हसली. मंडपात खुर्च्यांवर बसलेले वकील, व्यापारी मांडीवर थापा मारून हसायलते. डफवाल्यानं माझ्या कण्हण्यावर ठेका धरला.

"उठ रे सोंगाड्या," मागून कुणीतरी ओरडलं. "पुरं झालं सोंग."

मी उठलो न्हाई. उठताच येत नव्हतं.

ही परभणीची गोष्ट. फुटबॉलचे सामने होते. एका बड्या जमीनदारानं आपल्या वडलांच्या नावानं ते ठेवलेले. सेक्रेटरी त्याचा थोरला पोरगा. आमच्या समोर खेळणारा क्लबाचा संघ बी त्यांचाच. ग्राऊंड शाळेचं होतं, पण सामन्याच्या दिवसांत ते बी त्यांचंच असल्यावाणी. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ठराव झाला होता, नाव बदललं नव्हतं. आमची घरं मात्र जळून गेली होती गावोगाव.

आमी पिंगळी स्टेशनाजवळच्या वस्तीतली पोरं. माझा बाप रेल्वेच्या रुळावर गँगमन. स्टेशनातला एक बाबू बदली होऊन गेला तवा त्याचा जुना फुटबॉल आमाला देऊन गेला. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला न्हाई, आमी लावला. मालधक्क्यामागं मोकळं रान होतं. तिथं अनवाणी खेळून खेळून आमचे तळपाय चामड्यावाणी झाले. बुटाची गरज हाय हे आमाला परभणीत गेल्यावर कळलं. तरी आमी दोन सामने जिंकलो. फायनलला गेलो. शहरातल्या लोकांना ते लय झोंबलं. तोंडानं म्हणायचे, वा रे पोरांनो. डोळे निराळंच म्हणायचे.

आता वाघाचं सांगतो. आमच्या भागात मोहरमला नवसाचा वाघ होतेत. नवस बोललेला माणूस अंगाला रंग लावून घेतो अन् डफाच्या तालावर पंजांच्या सवारीपुढं नाचतो. मुसलमान होतेत, हिंदू होतेत, आमच्यातले बी व्हायचे. मी लहान असताना तापानं मरायला टेकलो होतो, तवा माझा बाप झाला होता वाघ. बौद्ध झालो तरी तवा आमी नवस सोडले नव्हते. ह्या वाघाची एक रीत असती. अंगावर रंग हाय तोवर त्यानं माणसावाणी बोलायचं न्हाई. काही पायजे असलं तर गुरकावायचं. रंग धुतला की मग तोंड उघडायचं. लोक त्याच्या पाया पडतेत. लेकरू त्याच्या पायाखाली घालतेत.

ह्या क्लबवाल्यांनी तेच उचललं अन् त्याचा तमाशा केला. मोहरम नसताना एका माणसाला रंगवला अन् मैदानात सोडला. स्टेशन रोडला सायकली दुरुस्त करायचा तो. त्याला काम एकच. समोरच्या संघातलं कुणी पडलं की त्याच्याजवळ जाऊन लोळायचं, त्याची नक्कल करायची, लोकांना हसवायचं. क्लबातलं कुणी पडलं तर गप उभं राहायचं. क्लबातले पडले की त्यांना लागलेलं असायचं. आमी पडलो की सोंग.

मी उजव्या बाजूनं पळायचो. त्यांचा बॅक म्हणजे सेक्रेटरीचा धाकटा भाऊ. दोनदा मी त्याला चकवून गेलो होतो, अन् दोन्ही बारीला लोक त्यालाच हसले होते. दुसऱ्या हाफमध्ये मी परत त्याच्या बाजूनं बॉल काढला. बॉल पुढं निघून गेला होता. त्यानं बॉलकडं बघितलंच न्हाई. खिळ्याचा बूट सरळ माझ्या नळीवर घातला. कट्‌कन आवाज झाला. मला आला, म्हणजे त्याला बी आला असणार.

रेफ्रीनं शिट्टी तोंडाजवळ नेली. मंडपाकडं बघितलं. शिट्टी परत खाली घेतली. अन् वाघ सुटला.

लोळता लोळता वाघाचं तोंड माझ्या पायाशी आलं. नळीवर हे एवढं टेंगूळ. कातडी ताणून काळीनिळी. त्याचे डोळे तिथंच थांबले. रंगाच्या आतले डोळे माणसाचे होते, मला ते नीट दिसले. त्याला कळलं होतं. मग मंडपातून कुणीतरी टाळी वाजवली, तसा तो परत लोळला. आधीपेक्षा जोरात लोळला.

पोरांनी मला ओढून लिंबाच्या झाडाखाली नेलं. ओलं फडकं बांधलं. सामना आमी एका गोलनं हारलो. हारल्याचं काही न्हाई. हारायची आमाला सवय होती.

आता बक्षिसं वाटायची वेळ आली. ह्या सामन्यांची अजून एक रीत. कप द्यायच्या आधी एक बक्षीस असायचं, सोंगाचं. समोरच्या संघातला जो सगळ्यात झकास पडला त्याला नारळ अन् फेटा. त्यानं मंडपासमोर यायचं. वाघ आपली शेपटी सोडून त्याच्या कमरेला बांधणार. मग त्यानं परत एकदा पडून दाखवायचं, तसंच लोळायचं, तसंच कण्हायचं. ते झालं की हारलेल्या संघाला दोन नंबरचा कप. दरवर्षी कुणी ना कुणी पडून दाखवायचं अन् दात काढत नारळ घेऊन जायचं. त्यांना त्याची गंमत वाटायची. ते सगळे एकमेकांचे पाव्हणे-रावळे. संध्याकाळी एकाच पंगतीला जेवायला बसायचे.

माईकवर एक वकील होते. त्यांनी सोंगाच्या बक्षिसाला माझं नाव पुकारलं. नाव पुकारून थांबले असते तर मी काय केलं असतं, मला आज बी सांगता येत न्हाई. पण वकील साहेबांना बोलायची हौस.

"ह्या मंडळींना पडायचं लय झकास जमतं," ते म्हणाले. "पडायचं अन् मागायचं. घर पडलं, द्या पत्रे. पोरगा पडला, द्या फ्री किक."

मैदान हसलं. अन् त्या हसण्यातच मागून आवाज आला, "घरं बी सोताच पेटवून घेतेत."

सगळ्यात मोठ्यानं लोक त्याला हसले.

माझी मावशी ठरावाच्या साली तिच्या गावाहून पहाटेच्या पॅसेंजरनं पिंगळीला आली होती. संगं दोन लेकरं अन् एक कोंबडी. घर जाळलं होतं गावानं. घरातलं पीठ काढायला गेली तर हात कोपरापर्यंत भाजला. आईनं त्याला कोरफड लावली तवा मी शेजारीच बसलेलो. मावशी ओरडली न्हाई, नुसती दात खात होती. पुढं ती गावात चौकशीला गेली, तर पाटलापासून पोलिसापर्यंत सगळ्यांचं एकच. तुमीच पेटवलं. सरकारी पत्र्यासाठी पेटवलं. मावशी परत आली अन् तवापासून तो हात पदराखाली झाकूनच ठेवायला लागली. जाळणारे उघड्या तोंडानं बाजारात हिंडायचे, अन् हिला हात दाखवायची लाज वाटायची. तवा मी लहान होतो, मला वाटायचं मावशीचंच काहीतरी चुकलं असंल. लिंबाखाली मोडका पाय घेऊन बसलो तवा कळलं. आधी मारायचं. मग म्हणायचं लागलंच न्हाई. मग हसायचं, म्हणजे ज्याला लागलं तोच तोंड लपवत फिरतो.

अंगाची आग आग झाली माझ्या.

आमचा कॅप्टन माझ्यापेक्षा मोठा होता, लेकराबाळाचा माणूस. तो कानाशी येऊन म्हणला, "जा बाबा. दोन मिनटाचं काम हाय. पड एकदा. कप तरी घेऊन जाऊ वस्तीत."

मी उठलो. दोघांच्या खांद्यावर हात टाकून एका पायानं उड्या मारत मंडपासमोर गेलो. लोकांना वाटलं मी आलोच गंमत करायला. टाळ्या पडल्या. वाघ शेपटी सोडून माझ्याकडं आला.

"हां, चल," सेक्रेटरी म्हणला. "दाखव कसा पडला होतास."

मी वाघाकडं बघितलं. वकिलांचा माईक माझ्या तोंडासमोरच होता.

"तुमी जवळून बघितलंय," मी वाघाला म्हणलो. "सांगा ह्यांना. पाय मोडलाय का न्हाई?"

वाघानं सेक्रेटरीकडं बघितलं. मग माझ्याकडं तोंड करून गुरकावला. लोक पुन्हा हसले.

"तो रंगात हाय," सेक्रेटरी म्हणला. "रंगातला वाघ बोलत नसतो. एवढं बी म्हाईत न्हाई का तुला?"

"म्हाईत हाय," मी म्हणलो. "माझा बाप झाला होता वाघ. पण मी रंगात न्हाई. मी बोलणार."

कुणी हसलं न्हाई आता. मी खांद्यावरचे हात काढले. एका पायावर उभा राहिलो.

"तुमच्या भावाला बोलवा इथं. त्यानं परत तशीच लाथ घालावी. मग दाखवतो पडून."

माझा आवाज कर्ण्यातून रस्त्यापर्यंत गेला. धाकटा भाऊ गळ्यात हार घालून खुर्चीवर बसला होता. त्यानं खाली बघितलं, बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी बांधलेलीच होती, तिला काही झालेलं नव्हतं. वकिलांनी माईक बंद केला. सेक्रेटरीचं तोंड तांबडंलाल झालं. "लय माजलेत," एवढंच म्हणला तो, अन् टेबलावरचा दोन नंबरचा कप उचलून खुर्चीखाली ठेवला.

आमी बिनकपाचे परत आलो. गाडीत कॅप्टन माझ्यापासून लांब जाऊन बसला. एक-दोन पोरं खिडकीकडं तोंड करून बसली. त्यांना कप पायजे होता, अन् त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत न्हाई. पण मला बी कुणी विचारलं न्हाई की पाय कसाय.

वाघ मला नंतर एकदा भेटला. पिंगळीला कुणाची तरी सायकल पोचवायला आला होता. मी कुबडीवर. मला बघून थांबला अन् हळूच म्हणला, "तवा रंगात होतो बाबा. पोटासाठी करावं लागतंय."

"आता तर धुतलाय रंग," मी म्हणलो. "आता बोला. चला त्यांच्या मंडपात, तिथं बोला."

तो सायकल ढकलत निघून गेला. मला त्याची कीव आली न्हाई. मारणारा सोडला तर त्यांच्या बाजूला खरं म्हाईत असलेला तो एकटा होता.

सामन्याच्या त्या दिवशी घरी पोचलो तर बाप ड्युटीवरून आलेला. गावात आधीच बातमी पोचली होती. बापानं पाय बघितला, अन् त्याचे डोळे भरून आले. मग तोच मला म्हणला, "पडला असतास दोन मिनटं तर काय झालं असतं? आपल्याला ह्यांच्यातच राहायचंय." माझ्या जिवासाठी अंगाला रंग फासून रस्त्यानं नाचलेला माणूस होता तो. त्याचं काळीज मला म्हाईत होतं. पण त्याची भीती बी म्हाईत होती, अन् त्या भीतीची मला किळस आली. बापाची न्हाई, भीतीची.

सकाळी त्यानं मला परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. पाय दाबून बघितला. विचारलं, "कसं झालं हे?"

मी तोंड उघडायच्या आत बाप म्हणला, "रुळावरून घसरला, साहेब."

लगेच म्हणला. अडखळला बी न्हाई. असं लगेच कसं सुचलं त्याला, ह्याचा मी मागाहून लय विचार केला. त्याला सुचावं लागलंच नव्हतं. आयुष्यभर हेच सांगत आला होता तो. साहेबानं कानफटात मारली तर दाराला धडकलो. पाटलाच्या माणसांनी पाठ फोडली तर बैलानं मारलं.

"घसरलो न्हाई," मी म्हणलो. "फुटबॉलच्या सामन्यात मुद्दाम बूट घातला नळीवर. बॉल तिथं नव्हता."

डॉक्टरांनी पेन थांबवला. "असं लिहिलं तर पोलिसात जाईल," म्हणाले.

बापानं माझं मनगट धरलं. मी मनगट सोडवून घेतलं न्हाई. तसंच त्याच्या हातात ठेवलं अन् डॉक्टरांना म्हणलो, "जाऊ द्या. त्याचं नाव सांगतो. त्याच्या बापाचं बी सांगतो. लिहा."

पोलिसात त्याचं काही झालं न्हाई. होणार न्हाई हे मला दवाखान्याच्या बाकड्यावरच कळलं होतं. पाय जुळला, पण वाकडा जुळला. बॉलला परत लाथ मारली न्हाई. आज लंगडत चालतो. लोक विचारतेत, काय झालं पायाला. मी पडलो असं सांगत न्हाई. ज्यानं मारलं त्याचं नाव सांगतो. रेफ्रीनं शिट्टी खाली घेतली ते सांगतो. कोण कोण हसलं ते सांगतो. समोर त्यांच्यातलाच कुणी बसलेला असला, तर आणखी मोठ्यानं सांगतो. मरेपर्यंत सांगणार.