घाटाआधी घट्ट केलेले ब्रेक

मित्रांनो, आज दुपारी सुरतजवळ कडोदऱ्याच्या माझ्या गॅरेजवर एक जुनी पिकअप आली. ड्रायव्हर आपल्या खानदेशातलाच. "काका, लग्नाला चाललो, मागे माणसं आहेत. पुढे घाट आहे, ब्रेक टाइट करून द्या."

मी चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं. ब्रेक आधीच घासत होते, चाकातला ड्रम इतका तापला होता की हात लावता येईना. "अजून आवळले तर घाटात ब्रेक ऑइल उकळेल, पेडल सरळ खाली जाईल," म्हटलं आणि सैल केले.

"काका, तुम्ही तर उलटंच करता!" कुरकुरत गेला.

नव्वदच्या दशकात माझा मोठा भाऊही अशीच पिकअप घेऊन गावी निघाला होता. आपल्या अहिराणीत म्हणाला, "टाइट करी दे, घाट शे." ब्रेक घासल्याचा आवाज मला स्पष्ट आला होता. पण मोठ्या भावाला नाही कसं म्हणायचं? आवळले. घाट उतरताना ब्रेक लागलेच नाहीत. भाऊ गेला.

वहिनी आमच्याच घरात असते. तिला वाटतं, त्याला गाडी आवरली नाही. खरं काय ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही असता तर आता सांगितलं असतं?