पापुद्रा काढलास का?

"काका, अठ्ठ्याण्णव डिग्री दाखवतंय. आणि… गेला कॉम्प्युटर. परत बंद."

फोनवर मुक्ता होती, माझ्याकडून कॉम्प्युटर दुरुस्त करून घेणारं गिऱ्हाईक. गुरुग्रामला राहते, घरून व्हिडिओ एडिटिंग करते. वडील सरकारी नोकरीत दिल्लीला आले, ही इथेच जन्मली. नव्या क्लायंटची पहिली फिल्म त्याच दिवशी सहापर्यंत द्यायची होती. नाही मिळाली तर काम दुसऱ्याला देईन, असं त्याने साफ सांगितलं होतं. आणि चार वाजले होते.

प्रोसेसर काम करताना तापतो. फार तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद पडतं. कंपनीचा छोटा पंखा दिल्लीच्या जूनमध्ये पुरेना, म्हणून मीच तिला टॉवर कूलर निवडून दिला होता. धातूच्या पातळ पट्ट्यांची उभी चळत आणि तिला लावलेला पंखा; तळ प्रोसेसरवर टेकतो, मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावायची. कॅबिनेट मोजायला लावून एक उंच मॉडेल बादही केलं होतं, नाहीतर झाकण लागलं नसतं. निवडीत चूक नव्हती, त्यामुळे डोकं जास्तच फिरलं.

माझा गुडघा धरला होता, म्हणून आदल्या दिवशी फोनवरूनच बसवून घेतला. एरवी हे काम हिंदीत पंधरा मिनिटांचं. मुक्ताशी मराठीत पाऊण तास बोललो. बायको गेल्यापासून मयूर विहारच्या या फ्लॅटमध्ये मराठी बोलायला माणूस नाही. स्क्रू सांगता सांगता मी तिच्या आईच्या थालीपिठावर घसरलो. फोन ठेवावासाच वाटेना.

आता पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागलो.

"पेस्ट किती लावलीस?"

"मटरच्या दाण्याएवढी."

"चारही स्क्रू?"

"टाइट आहेत."

"तळाचा पापुद्रा काढलास?"

"हां काका, कालच सांगितलं ना. बिल्कुल साफ पुसला."

पुसला? पापुद्रा सोलतात. कालही ती हेच म्हणाली होती, आणि मी आपल्याच गप्पांत.

"पापुद्रा म्हणजे काय समजलीस तू?"

"प्रोसेसरवरची जुनी सुकलेली पेस्ट ना?"

मी कपाळावर हात मारला. "अगं, झिल्ली. कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लास्टिकची झिल्ली."

"अच्छा, ती? ती तर तशीच आहे. आधी झिल्ली म्हणायचं ना, काका."

प्लास्टिक मध्ये असलं की उष्णता कूलरपर्यंत नीट पोचत नाही. तिने कूलर उतरवला, झिल्ली सोलली, पेस्ट पुसून नवी लावली. तापमान अडुसष्टच्या वर गेलं नाही. पावणेसहाला फिल्म गेली. तसा तिचा मेसेज आला, इंग्रजीत.

माझ्या हौसेपायी पोरीचं काम जाणार होतं, याची लाज वाटली. आता गिऱ्हाईक कुठलंही असो, सरळ हिंदीत बोलतो. चूक होत नाही. फोनही पंधरा मिनिटांत संपतो.