सोबत आलेली व्यक्ती

नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीनं माझ्या हातात एक कार्ड ठेवलं, गळ्यात अडकवायचं. सगळ्यांच्या कार्डावर नावाखाली विद्यापीठ आणि देश लिहिलेला होता. माझ्या नावाखाली इंग्रजीत एवढंच होतं: सोबत आलेली व्यक्ती. बायकोनं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि हसू दाबलं. मी कार्ड शर्टाच्या आत ढकललं.

शहापूरच्या बाजारात माझं पाइप, मोटरी आणि फवारणी पंपांचं दुकान आहे. घर सापगावात, थोडी भातशेती. तिकडे मी कोण हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि इथे, युरोपातल्या एका नदीकाठच्या शहरात, जो भेटेल तो हात पुढे करून एकच विचारायचा, "तुम्ही कशावर काम करता?" पहिल्यांदा मी म्हणालो, "पाइप." समोरच्या माणसाला वाटलं, मी पाणीपुरवठ्याचा संशोधक आहे. त्यानं मला त्याचा पेपर कुठल्या खोलीत आहे ते सांगितलं आणि नक्की या म्हणाला.

बायको कॉलेजात भूगोल शिकवते. तिचं माहेर मुरबाड तालुक्यात वैशाखऱ्याच्या बाजूला, माळशेजच्या रस्त्यावरून आत. आमची लेक शाळेत जायला लागल्यावर तिनं पीएच.डी.ला नाव घातलं. विषय प्रादेशिक विज्ञान. भाकऱ्या थापता थापता तिनं मला तो समजावला होता. कुठल्या भागात काम मिळतं, कुठून माणसं निघून जातात, रस्ता झाला की काय बदलतं, रेल्वे नाही आली की काय राहून जातं.

"म्हणजे आपलंच की," मी म्हणालो होतो.

"आपलंच. पण मोजून."

शहापूर तालुक्यातून रेल्वे जाते, हायवे जातो. मुरबाडला रेल्वे नाही. या दोन तालुक्यांतली पोरं कामाला कुठे जातात आणि परत कधी येतात, हे तिनं गावोगाव फिरून विचारलं होतं. त्या पेपरला या विषयाच्या जागतिक संघटनेचं, नव्या संशोधकांसाठीचं एक पारितोषिक मिळालं, त्यांच्या परिषदेला जायची तिची सोय झाली. तिनं विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. "अहो, तुमीबी चला," ती म्हणाली. "तिकडं चुकले तर हाक कुणाला मारू?" माझं तिकीट आम्ही काढलं. लेकीजवळ माझी बहीण येऊन राहिली. भात निसवून लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या आणि मी दुकानाला कुलूप लावून निघालो.

पहिल्याच दिवशी कळलं की मला तिथे करायला काही नाही. दुकानात मी दिवसभर उभा असतो, धावपळ चालू असते. इथे खुर्चीत बसून ऐकायचं. एका खोलीत अर्धा तास बसलो की पाय वळवळायला लागायचे. मग उठून बाहेर, कॉफी, परत दुसरी खोली. कुणाच्या पडद्यावर नकाशे, कुणाच्या बाणांची जाळी. मी घड्याळ बघायचो आणि घरी आता काय वाजले असतील याचा हिशोब करायचो. शेतात पाणी टिकून राहिलं असेल का, बहिणीनं बांध पाहिला असेल का. बायको मात्र माशानं पाण्यात शिरावं तशी शिरली होती. घरी चार बायकांत गप्प बसणारी ही, तिथे अनोळखी लोकांशी हातवारे करून बोलत होती. मी लांबून बघायचो. मला अभिमान वाटायचा आणि लगेच काहीतरी टोचायचं, ते काय होतं हे तेव्हा धरता येत नव्हतं.

तिच्या भाषणाला मी मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. पडद्यावर आमचे दोन तालुके आले. ज्या रस्त्यानं मी मोटरसायकलवर सासुरवाडीला जातो, तो रस्ता त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर बारीक लाल रेघ झाला होता. ती म्हणाली, आमच्याकडची माणसं एकदम गाव सोडत नाहीत. रोज जाऊन येतात, मग आठवड्यानं येतात, मग सणाला. गाव कधी सुटलं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. शेवटी एका बाईंनी विचारलं, "यातला तुमचा तालुका कुठला?"

"जन्म इकडचा," तिनं मुरबाडवर बोट ठेवलं, "आणि लग्न इकडचं."

सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी मला माझ्यासारखंच कार्ड गळ्यात असलेला एक म्हातारा भेटला. उंच, वाकलेला, हातांची बोटं जाडजूड. त्याची बायको त्या संघटनेतली मोठी प्राध्यापक. त्यानंही विचारलं, "तू काय करतोस?" मी या वेळी नीट सांगितलं, दुकान आहे, पाइपचं. त्याचा चेहरा उजळला. तो जन्मभर नळजोडणीची कामं केलेला माणूस निघाला. माझं इंग्रजी मोडकं, त्याचंही काही फार धड नव्हतं, पण सांधा कसा बसवायचा हे हातांनी सांगता येतं. आम्ही परिषद सोडून शहरभर फिरलो. जुनी कारंजी बघितली, एका चर्चच्या मागे शिशाचा जुना नळ त्यानं मला दाखवला. तेवढे दोन-तीन तास माझी तगमग थांबली.

एका बाकावर बसून मी त्याला विचारलं, "तुम्ही दर वर्षी बायकोबरोबर येता?"

"आता येतो. आधी यायचो नाही. ती वर्ष वर्ष दुसऱ्या देशांत असायची. एकदा मी घर सोडून बहिणीकडे निघून गेलो होतो."

"मग?"

"मग परत आलो." जाड बोटं एकमेकांत अडकवून म्हणाला, "सोपं नव्हतं. सोपं होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस."

त्यानं मला हे का सांगितलं, तेव्हा कळलं नाही. शेवटच्या संध्याकाळी काय जाहीर होणार ते त्याला बहुतेक त्याच्या बायकोकडून आधीच माहीत होतं.

शेवटच्या संध्याकाळी मोठं जेवण होतं. गोल टेबलं, पांढरी कापडं. जेवताना पुरस्कार जाहीर होत होते. म्हाताऱ्याच्या बायकोला आयुष्यभराच्या कामासाठी सन्माननीय फेलो केलं. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला आणि सगळे बसले तरी टाळ्या वाजवत राहिला. मग अध्यक्षबाईंनी आणखी एक नाव घेतलं. उच्चार इतका वेगळा होता की मला ते बायकोचं आहे हे कळायला वेळ लागला. एका वर्षाची फेलोशिप. त्यांच्याकडच्या विद्यापीठात राहून याच कामाचा पुढचा भाग करायचा.

फेलोशिप आपोआप मिळत नाही, त्याला अर्ज करावा लागतो, एवढं मला तोपर्यंत माहीत झालं होतं. मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. ती स्टेजवरून परत येताना माझ्याकडे बघत नव्हती.

सकाळी आम्ही नदीकाठी गेलो. पुलाच्या अलीकडे एका बाकावर बसलो.

"मला सांगायचं तरी," मी शेवटी म्हणालो.

"मिळंल असं वाटलं नव्हतं."

"मिळो नायतर न मिळो. सांगायचं."

"सांगितलं असतं तर तुमी नाय म्हनला नसता, मला ठाव हाय," ती म्हणाली. "पन तुमचा चेहरा बघून मीच अर्ज भरला नसता."

राग तर आलेला होताच. तो ठेवायचा कुठे हे कळत नव्हतं. मी उठून पुलापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. ती बाकावरच बसून होती. तिसऱ्यांदा परत आलो तेव्हा म्हणाली, "बसा ना जरा. माझं डोकं गरगरतंय." मी बसलो. पण कुणीच काही ठरवलं नाही आणि आम्ही विमानात बसलो.

शहापुरात तिचा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. एका वक्त्यानं ती अंतराळ संशोधनासाठी परदेशी चालली असं सांगितलं आणि टाळ्या मिळवल्या. खाली उतरल्यावर जो तो मला गाठायचा. "वहिनी चालल्या, मग तुमचं जेवणाचं काय?" दुकानात पीव्हीसीचा एल्बो घ्यायला आलेला माणूससुद्धा हेच विचारायचा. मी हसून उत्तरं द्यायचो. तिसऱ्या-चौथ्या माणसापुढे मला हसू येईना. गिऱ्हाइकाला चुकीच्या मापाचा पाइप द्यायचो. घरी आलो की उगाच लेकीवर खेकसायचो. लेक अकरावीला होती. एकदा तिनं सरळ विचारलं, "बाबा, तुमाला आई जायला नको हाय का?" मी म्हणालो, "तू अभ्यास कर." बायको आतल्या खोलीतून ऐकत होती. तिचा होकार कळवायचा राहिला होता आणि मुदत जवळ येत होती.

एका रविवारी मी एकटाच मोटरसायकल काढली आणि वैशाखऱ्याकडे निघालो. सासऱ्यांनी तिला जाऊ नको म्हणून समजवावं, असं माझ्या मनात होतं. तसं मी स्वतःशी सुद्धा उघड बोललो नव्हतो. सासरे नाचणीच्या रानातून येत होते. पायरीवर बसले, विळा बाजूला ठेवला. सासूबाई आमच्या लग्नाआधीपासून अंथरुणाला खिळलेल्या, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी वारल्या, तेव्हापासून घरात ते आणि धाकटा मुलगा. मी सगळं सांगितलं. वर्षभर, एवढ्या लांब, लेक अकरावीला, घर, शेत.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "जेवनाचा काय, बोलतायत ना लोक?"

"हो, मामा. सगळे तेच विचारतात."

"तुमच्या लग्नात मी तिला तुमच्याबरोबर धाडली. त्या रोजी मला कोन इचारला नाय, म्हाताऱ्या, आता तुझा जेवनाचा काय. आमीबी तिच्याच हातचा खायचो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी हाक मारून मुलाला चहा ठेवायला सांगितलं आणि नाचणी यंदा कशी आली आहे ते मला दाखवायला उठले. मी मागोमाग गेलो. कणसं बरी भरली होती. मला ती नीट दिसत नव्हती.

परतताना मुरबाडच्या स्टँडसमोर थांबून मी बायकोला फोन केला. "कळव त्यांना," म्हणालो.

"काय?"

"येते म्हनून कळव."

मी फोन खिशात टाकला आणि गाडीला किक मारली.

ती गेली. त्या वर्षाबद्दल फार चांगलं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. मी वरण-भात, अंड्याचं कालवण आणि जाड भाकरी एवढं शिकलो. बहीण येऊन-जाऊन असायची. लेक रडली, भांडली, अकरावी पास झाली, बारावीत गेली. मला एका जागी बसवेना. दुकान बंद केलं की शेतावर, शेतावरून बाजारात, काम नसताना. फोनवर ती तिकडच्या थंडीबद्दल सांगायची, परिसंवादांबद्दल सांगायची, मी इकडच्या पाण्याबद्दल. कधी कधी दोघांचंही बोलणं आठ-दहा वाक्यांत संपायचं आणि आम्ही फोनच्या पडद्यावर एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायचो. एकदा मी तिला ओरडून म्हणालो की तुझ्या त्या नकाशात आता आपलं घरही टाक, माणसं निघून गेलेलं. तिनं फोन ठेवला. दोन दिवस केला नाही. मग मी केला.

वर्ष संपत आलं तेव्हा तिकडच्यांनी तिला आणखी दोन वर्षं राहायला विचारलं. तिनं या वेळी मला आधी सांगितलं. मी म्हणालो, "उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भाताची झोडणी होती. मी भाऱ्यामागून भारा आपटत राहिलो, अंगात भाताची टोचरी कूस भरली, आणि तरी मला उत्तर सापडलं नाही. संध्याकाळी फोन लावला आणि खरं तेच सांगितलं, "मला कळत नाय. राहा म्हनवत नाय, ये म्हनवत नाय."

"मी नाय म्हनून कळवलंय," ती म्हणाली. "सकाळीच."

माझ्या तोंडून "का?" असं निघून गेलं.

"तुमच्यासाठी नाय हां. मनात आनू नका. माझी माणसं तिकडं हायत, ज्यांना मी इचारते. हितं बसून मला नुसते आकडे दिसतात."

तिनं "तुमच्यासाठी नाय" म्हटलं याचं वाईट वाटावं की बरं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. तिला घ्यायला आम्ही तिघं गेलो, मी, लेक आणि बहीण. ती बारीक झाली होती. गाडीत बसल्या बसल्या लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

आता ती त्या संघटनेच्या एका समितीवर आहे. तरुण संशोधकांना पारितोषिक कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांत. कॉलेज सुटल्यावर जगभरातल्या पोरांचे पेपर वाचत बसते. जेवण कधी ती करते, कधी मी. तिची परतल्यानंतरची चुळबुळ माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मला हळूहळू दिसायला लागलं. कॉलेजातल्या सभांना वैतागते, खिडकीत उभी राहते, मध्येच पिशवी उचलते आणि म्हणते, चला, वैशाखऱ्याला जाऊन येऊ. मी दुकान आता कामाला ठेवलेल्या पोरावर टाकून गाडी काढतो.

गेल्या आठवड्यात असेच निघालो होतो. घाटाच्या अलीकडे एका थांब्यावर तीन-चार पोरी बसची वाट बघत होत्या, पाठीवर सॅक. हिनं गाडी थांबवायला लावली आणि उतरून त्यांच्याशी बोलायला गेली. मी गाडीवरच बसून होतो. एक पोरगी कामाला कल्याणला निघालेली, दुसरी नुसतीच तिला सोडायला आलेली. बराच वेळ झाला, बस आली, पोरगी चढली, ही अजून उरलेल्यांशी बोलत होती. मी गाडी बंद केली, उतरलो आणि तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.