करवतवाले मास्तर

मास्तर गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघतच नसत. दुकानाची पायरी चढणाऱ्याचे ते आधी हात बघत. मनगटं, बोटं, तळवे. मग विचारत, "कोन चालवनार आहे?" नागपुरात गांधीबागेजवळच्या त्या दुकानात झाडं आणि झुडपं छाटायच्या मशिनी मिळायच्या, आणि हा प्रश्न तिथं दुसरं कोणीच विचारत नसे. ते कुठल्या शाळेत नव्हते. त्यांची समजावून सांगायची रीत पाहून कोणीतरी मास्तर म्हटलं असेल, तेच चिकटलं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मशीन घ्यायला नाही, परत द्यायला. माझे यजमान विलास एका रविवारी सकाळी मनीषनगरच्या आमच्या अंगणात शिडीवर चढून कडुनिंबाची फांदी कापत होते. हातात पेट्रोलवर चालणारी मोठी करवत, नवी कोरी. ती फांदीत अडकली, उसळली, आणि शिडी सरकली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतरच्या दिवसांबद्दल कोणी विचारलं तर मला सांगण्यासारखं काही सापडत नाही. तेरावं झाल्यावर मी बँकेत कामावर जाऊ लागले. दूध तापवत होते, कपडे वाळत घालत होते. रडू येत नव्हतं. बहिणीला त्याची काळजी वाटायची. मला काळजीही वाटत नव्हती.

वर्ष असंच गेलं. अर्धवट कापलेली फांदी तशीच होती, आणि तिला पानं फुटत होती. फाटकावरची बोगनवेल शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन पडली. शेजारी गाडी दुसरीकडे लावू लागले. मग एक दिवस मी जिन्याखालचं करवतीचं पोतं बाहेर ओढलं, तिच्या खोक्यावरचा दुकानाचा पत्ता वाचला आणि ऑटो केला.

मास्तरांनी पोतं सोडलं. मशीन उलटी केली, तळाशी स्वतःच खडूनं लिहिलेली खूण पाहिली. साठीचे असतील. अंगात निळा कोट, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. मी काय झालं ते सांगितलं. हवामान सांगावं तसं सांगितलं असणार, कारण बाजूचं गिऱ्हाईक माझ्याकडे वळून पाहू लागलं.

"हे साहेबांनी माझ्याकडूनच नेलं," मास्तर म्हणाले. "मले आठवते. पेनवाले हात होते. मी त्यांले म्हटलं, बॅटरीचं हलकं घ्या. ते म्हणाले, मास्तर, खेळनं नको, खरी मशीन द्या."

"मग दिली कशाला?"

"सकाळपासून एकही मशीन गेली नव्हती. मालक पाहून राहिले होते. दिली."

त्यांनी दुसरं काही सांगितलं असतं तर मला ते खोटं वाटलं असतं. मी वाट पाहिली, की आता काहीतरी होईल, संताप येईल. काही झालं नाही. त्यांनी माझ्यासमोरच करवतीची साखळी उतरवली, तिचे दोन तुकडे केले आणि म्हणाले, "ही आता कोनाच्या घरी जानार नाही." मग विचारलं, "झाडाचं काय केलं?"

"आहे तसंच."

"कोन कापनार?"

"मी." हे आपण म्हणणार आहोत, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी माझे हात पाहिले. "शनिवारी या," म्हणाले.

असे तीन शनिवार मी गेले. पहिल्या शनिवारी त्यांनी आधी बोगनवेलीसाठी म्हणून झुडपं छाटायची बॅटरीची मशीन माझ्या हातात दिली, हात पुढे करून उभं राहायला सांगितलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "वजन उचलल्यावर नाही समजत ताई, दहाव्या मिनिटाले समजते." चौथ्या मिनिटाला माझे खांदे भरून आले. त्यांनी ती ठेवून दुसरी दिली, मग तिसरी. तिसरी आखूड पात्याची होती. ती मी दहा मिनिटं धरली.

दुसऱ्या शनिवारी मी ती चालू करून शंभरदा बंद केली असेल. तिला दोन मुठी होत्या आणि दोन्ही दाबल्याशिवाय पातं हलत नसे. एक हात सुटला की लगेच थांबायचं. मास्तर ते थांबणं कान देऊन ऐकत. "हात सोडल्यावरही फिरत राहते, ते मशीन घराले नेऊ नये. मानूसही नेऊ नये," म्हणाले आणि स्वतःच हसले. पात्याला हात लावण्याआधी ते बॅटरी काढून आपल्या खिशात टाकत. मशीनजवळ ठेवत नसत, खिशातच. मलाही त्यांनी तसंच करायला लावलं. माझ्या ड्रेसला खिसा नव्हता. पुढच्या वेळी मी खिसा असलेला घालून गेले.

त्याच दिवशी भिवापूरकडचे एक गृहस्थ आले. त्यांना दुकानातली सगळ्यात मोठी करवत हवी होती.

"झाड केवढं आहे?" मास्तरांनी विचारलं.

"झाड नाही. मेंदीचं कुंपण आहे."

"मग मेंदीनं तुमचं काय बिघडवलं गा?"

ते गृहस्थ आधी रागावले आणि शेवटी लहान मशीन घेऊन गेले. मालक गल्ल्यावरून सगळं पाहत होते, पण मास्तरांना एका शब्दानं बोलले नाहीत. मास्तरांच्या अंगात त्या दिवशी निळा कोट नव्हता, साधा सदरा होता. मी ते पाहिलं आणि त्याचा काही विचार केला नाही.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी लांब दांड्याची बॅटरीची करवत दिली, आणि रविवारी सकाळी माझ्या घरी आले. शिडी मागच्या भिंतीला टेकलेली होती, तिच्याकडे त्यांनी पाठ केली. "पाय जमिनीवर, करवत वर. ज्या फांदीले जमिनीवरून हात पुरत नाही, तिच्यासाठी मानूस बोलवायचा." वर विजेची तार नाही ना, ते त्यांनी अंगणाच्या चारी कोपऱ्यांतून पाहिलं. मला चष्मा आणि टोपी घातली. फांदीच्या खाली नाही, बाजूला उभं केलं. मी शेंड्याकडून तुकडे करत आले. आधी खालून थोडा काप, मग वरून. शेवटचा तुकडा पडला तेव्हा एवढाच आवाज आला, जेवढा ओलं कापड दगडावर आपटल्यावर येतो.

मी बॅटरी काढून खिशात टाकली. मास्तर पाणी प्यायले. फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "ताई, राग आहे काय माझ्यावर?"

"मला कळत नाही, मास्तर."

"बरं," ते म्हणाले. आणि गेले. नंतर मी दुकानात गेले तेव्हा कळलं, ते दुकान सोडून आपल्या गावी, खाप्याला राहायला गेलेत.

या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा, मंदाचा फोन आला. मास्तर झोपेतच गेले होते. त्यांच्या वहीत माझा नंबर होता म्हणून कळवलं. मी खाप्याला गेले. मंदानं चहा केला. बोलता बोलता मी म्हटलं, दुकान सोडताना त्यांनी मला सांगितलंही नाही.

"दुकान तर बाबांनी त्याच दिवशी सोडलं," मंदा म्हणाली. "तुम्ही ती मशीन घेऊन आल्या, त्या दिवशी. संध्याकाळी मालकांले सांगून इथं आले. मग तीन शनिवार एसटीनं नागपूरले जात होते. मी म्हटलं, आता काहून जाता? तर म्हणे, एका बाईले शिकवनं बाकी आहे."

मी कप खाली ठेवला.

परतीच्या बसमध्ये कळमेश्वरच्या आधी कधीतरी मला रडू फुटलं. पदरानं आवरेना. शेजारी भाजीची टोपली पायाशी घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "कोन गेलं वं?"

"माझे यजमान," मी म्हटलं.

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

तिनं टोपली सरकवली, उठली आणि मला खिडकीकडची जागा दिली.