शांतवन सरांच्या टाचणवहीतली दुरुस्ती

शांतवन सर गेल्याची बातमी आली तेव्हा मी वर्गात होते, ताऱ्यांचा धडा अर्धा झाला होता. शेजारच्या वर्गावरच्या बाईंनी दारातूनच सांगितलं, "तुमचे देवळालीचे सर गेले हो..." मी खडू खाली ठेवला. हा धडा मला शाळेत शिकवणारे तेच. सव्वा महिना झाला, तो धडा मी टाळतच होते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, पण त्यातला निम्मा मान सरांचा. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, "एक वर्ष बघू" एवढंच कबूल केलं होतं. वर्ष संपलं, स्थळं येऊ लागली, तशी अण्णांना समजवा म्हणून मीच सरांना गाठलं. रविवारी चर्चमधून सर सायकलवर थेट आमच्या उसात आले. अण्णा दारं धरत होते, एका सरीतलं पाणी तोडून दुसरीत सोडत होते. सरांनी पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चिखलात उतरले.

"सर, घरी बाई रागावत्याल की!" अण्णा म्हणाले.

"रागावू द्या. अण्णा, पोरगी आभाळाचं शिकतेय. मोठा तारा पेटला ना, की त्याच्या उजेडाने, वाऱ्याने आसपासचा वायू उधळून जातो. मग तिथं नवा तारा जन्मतच नाही..."

शाळेत त्यांनी आम्हाला हेच शिकवलं होतं. बांधावरून मी बोलून गेले, "सर, हे अर्धंच आहे."

अण्णांनी फावडं आपटलं. "सरांना खोटं पाडती? ह्याच्यासाठी धाडलं हुतं व्हय कॉलेजात? बास झालं आता!" एका वाक्यात मी माझं कॉलेज घालवलं होतं...

"थांबा अण्णा," सर म्हणाले. "सांग गं, कसं?"

मी सरीकडे बोट दाखवलं. पाणी सरकताना उसाचं वाळलेलं पाचट पुढे ढकलत होतं. मागे सरी मोकळी आणि पाण्याच्या तोंडाशी ढीग. म्हटलं, वायूचंही असंच. ताऱ्याजवळ पोकळी पडते, पण कडेला वायू दाटत जातो, इतका की स्वतःच्याच ओढीने आत कोसळतो, आणि तिथे नवे तारे पेटतात. सर वाकून त्या ढिगाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अण्णा, वीस वर्षं मी पोरांना अर्धंच शिकवलं. हिला घरी बसवलं तर पुढचं मला कोण सांगणार?"

अण्णांनी पाणी पलीकडच्या सरीत सोडलं. फावडं बांधाला टेकवून म्हणाले, "मंग जाऊ द्या तिला. सरांनाच शिकिवणारी मास्तरीण झाली म्हंजी लईच झालं!"

शाळा उघडल्यावर सरांनी भर वर्गात आपली चूक सांगितली, हे मला फार उशिरा कळलं. मागच्या आठवड्यात त्यांच्या पत्नीने, मार्थाबाईंनी, सरांची टाचणवही माझ्या हातात ठेवली. शिकवण्याआधी सर धड्याचे मुद्दे तिच्यात उतरवून काढत. ताऱ्यांच्या पानावर जुनी ओळ खोडलेली, खाली लाल शाईत नवी, आणि पुढे: 'दुरुस्ती : सुनंदा, देवळाली प्रवरा. उसाच्या सरीत.' त्याखाली चार ओळी कोऱ्या सोडलेल्या.

काल मी राहिलेला धडा त्याच वहीवरून घेतला. शेवटी मुलांना विचारलं, "माझं कुठे अर्धं राहिलंय का?" मागच्या बाकावरून एक हात वर आला... मी लाल पेन उघडलं.