चिठ्ठी कुठल्या कलमात बसते?

आमच्या संघटनेच्या पत्रकांत मी चार वर्षं ‘भ्रष्टाचार’ हा शब्द लिहीत आलोय. त्याची व्याख्या करायची वेळ आली ती शेजारच्या मित्राला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा. त्याच जागेसाठी माझाही अर्ज होता. मार्क माझे जास्त. त्याच्याकडे इथल्या पुढाऱ्याची शिफारशीची चिठ्ठी.

ती मिळाली कशी, ते पेणमधल्या आमच्या अख्ख्या आळीनं पाहिलंय. गणपतीत पुढारी घरोघर दर्शनाला फिरतो. आमच्या दारातून त्यानं हात जोडले आणि पुढं सरकला. आईनं खुर्चीवर घातलेली नवी चादर तशीच. शेजारच्या मित्राच्या घरी मात्र टेकला, चहा घेतला, मित्राला विचारलं, “सध्या काय करतोस?” संपलं. चिठ्ठी तयार. पाकीट नाही, काही नाही.

मी पत्रक लिहायला बसलो. ‘पदाचा वापर करून पैसे खाणे म्हणजे भ्रष्टाचार.’ यात मित्र सापडेना. खोडलं. ‘ओळखीच्या माणसाचं काम करून देणे’ लिहिलं, तर आईचं रेशनकार्ड त्याच पुढाऱ्याच्या एका फोनवर झालेलं. तेही खोडलं. खरं सांगतो, मला मित्राला अडकवणारं वाक्य हवं होतं.

आई म्हणाली, “बाला, तो आपल्याकडं बसून तुला इचारता, तर तू चिठ्ठी नको म्हनला असतास?”

“व्हय! नको म्हटलं असतं!” मी ओरडलो. ती भाकरी थापत राहिली. त्याचा जास्त राग आला.

शेवटी पैशांचीच व्याख्या छापली. मित्रानं उभ्या उभ्या वाचली.

“झकास लिहिलंस रे. दे शंभरेक, गेटावर वाटतो.”

“तुझ्याच विरोधात हाय ते.”

“माझ्या? मी कुनाला दमडी दिली? चल, तू पन चल रोह्याला.”

गेलो. वॉचमननं त्याला हसून आत घेतलं, मला हातानंच थांबवलं. समोरच्या टपरीवर बसून मी बघत राहिलो. शिफ्ट सुटली होती. कामगार माझं पत्रक त्याच्या हातून घेत होते, त्याच्या पाठीवर थाप मारत होते. निळा युनिफॉर्म त्याला अगदी मापात बसला होता.

हा भ्रष्टाचारच आहे, असं मला अजूनही वाटतं. वाक्य सुचत नाही. लिहायला बसलो की तो निळा शर्टच दिसतो.